अकरा फ्रेममधलं मीठ

समजा, तुमच्यासमोर एक जुना फ्रेंच चित्रपट आहे. महायुद्धानंतरचा, कृष्णधवल, दरोडेखोरांचा. त्यावर सत्तर वर्षांची धूळ आहे आणि ती तुम्हाला काढायचीय. फडक्यानं नाही, संगणकावर, एकेक फ्रेम समोर आणून. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दीड तासात एक लाख तीस हजारांच्या आसपास. डोळे कुठवर साथ देतील?

उल्कानं डोळ्यांवर विसंबायचंच सोडलं होतं. पुण्यात इमेज प्रोसेसिंग शिकून ती जर्मनीत, बॉनमधल्या एका छोट्या फिल्म लॅबमध्ये लागली, तेव्हा तिनं स्वतःचा प्रोग्राम लिहिला. नियम साधा होता: जो ठिपका आधीच्या फ्रेममध्ये नाही आणि पुढच्यातही नाही, ती धूळ. महिन्याचं काम आठवड्यात उरकू लागलं. मग सही करण्याआधी चित्रपट नेहमीच्या वेगानं डोळ्यांखालून घालायचा, ही लॅबची शिस्त तिला जुनाट वाटू लागली. हा चित्रपट तिनं दुप्पट वेगानं पाहिला आणि सही ठोकली.

सोमवारी होमऑफिस होतं, म्हणजे घरूनच काम. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई शेजारी वाटाणे सोलत बसल्या होत्या. साफ झालेला चित्रपट उल्कानं त्यांना कौतुकानं लावून दिला.

"हा म्हातारा कुठं निघाला गं?"

"दरोडा घालायला, आई. शेवटचा."

"सगळे शेवटचाच म्हणतात."

म्हातारा खाणावळीच्या दाराबाहेर पडला. खाणावळवालीनं बरणीत हात घातला आणि त्याच्या पाठीमागं झटकला.

"मीठ टाकलं बघ तिनं. दृष्ट काढली."

"नाही हो, नुसता हात झटकला."

"बरणीत हात घालून रिकामा कोण झटकतं?"

उल्कानं मूळ स्कॅन उघडलं. अकरा फ्रेम. प्रत्येकीत पांढरे कण, दर वेळी वेगळ्या जागी. तिच्या प्रोग्रामनं ते धूळ समजून चाटूनपुसून नेले होते.

"मग परत टाक की," सासूबाई म्हणाल्या.

"सही झालीय, आई. बुधवारी प्रत जाणार. आणि शुक्रवारी माझी प्रोबेत्साइट संपते. कायम करायचं की नाही, तेव्हा ठरणार."

"कुणाला कळणार आहे का?"

"नाही."

सासूबाईंनी एक शेंग सोलली. "तो बिचारा मात्र तसाच गेला."

मंगळवारी उल्का फ्राऊ लोरेंत्सच्या, म्हणजे तिच्या वरिष्ठांच्या, टेबलापाशी उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही प्रती तीनदा पाहिल्या.

"दुप्पट वेगानं पाहिलंत?"

"हो."

"आल्झो, असं तर." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या सहीखाली दुसरी सही माझी आहे. मी चौपट वेगानं पाहिलं होतं."

मग त्यांनीच बुधवारची तारीख पुढं ढकलली. उल्का दिवसभर बसली. हा कण मिठाचा, हा धुळीचा, असं एकेक निवडून तिनं हातानं मीठ परत आणलं, अगदी तांदूळ निवडावेत तसं. शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं, सोबत एक चिठ्ठी: इथून पुढं दोघींनीही नेहमीच्या वेगानं पाहायचं.

संध्याकाळी सासूबाईंनी तो प्रसंग पुन्हा पाहिला. "आता कसं," म्हणाल्या.

उल्का खूश होती. एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. रिळांबरोबर पटकथा आली होती, ती तिनं शोधून वाचली. खाणावळवाली दारात उभी राहते, एवढंच पटकथेत होतं. मिठाचा उल्लेखच नाही. मग ते त्या नटीला कुणी सांगितलं होतं, की कॅमेरा चालू असताना तिचा हात आपसूकच बरणीत गेला?