जर्मनचा पेला

आज चिंचेनं घासताना आजोबांच्या पेल्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरं उघडी पडली: कार्ल, आणि पुढे कैदी नंबर. त्या आंबूस वासासरशी मी कुर्डुवाडीच्या अंगणात सात वर्षांची झाले.

रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले होते, "ह्यो पेला जर्मनचा हाय."

"आपली समदी भांडी जर्मनचीच हायती की," मी हसले. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात.

"दुसऱ्या लढाईतल्या जर्मन कैद्यांची गाडी टेसनावर थांबली हुती. एकानं पाण्याला पेला दिला. भरून आणला, तवर गाडी सुटली."

मला ती थाप वाटली होती.

कार्ल घरी पोचला का, हे जर्मनीतल्या कुठल्यातरी दप्तरात असणारच. पहिलं पत्र आज जर्मन वकिलातीला टाकलं. उत्तर येईपर्यंत लिहीत राहणार. आजोबांनी तो पेला कधी तोंडाला लावला नाही.