शांताबाई आणि नील बेट

अंदमानातल्या लहानशा गावाला बोट लागली, की आमची माणसं समुद्राचे फोटो काढू लागत आणि शांताबाई धक्क्यावरच्या रिक्षावाल्याला गाठी. "भैया, तुम लोग खाना किधर खाते?" हॉटेलवाल्याला ती कधीच विचारत नसे. "हाटेलवाला आपलंच सांगन," ती म्हणे, "रिक्षावाल्याचं पोट खोटं नाई बोलत."

मी आर्वीच्या एका सहल कंपनीचा टूर मॅनेजर. दर हिवाळ्यात वीस-बावीस माणसं घेऊन अंदमानला जातो. सोबत स्वयंपाकीण न्यावीच लागे, कारण आमच्या लोकांना तिथेही पोळी, वरण आणि झुणकाच हवा असतो. शांताबाई आर्वीजवळच्या आंजी गावची. नवरा गेल्यापासून लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायची. साठीला आलेली, दोन्ही गुडघे सुजलेले.

नाश्ता आटोपला की तिला तासभर मोकळा वेळ मिळे. मी त्या वेळात आडवा व्हायचो; ती लंगडत बाजारात जायची. कोणत्या टपरीवर पुरीसोबत वाटाण्याची गरम घुगनी मिळते, ओहोटीला कोणत्या खडकांच्या डबक्यांत रंगीत मासे अडकून राहतात, सगळं तिला ठाऊक. मी तेच माझी माहिती म्हणून प्रवाशांना सांगत असे. ती ऐकायची आणि कणीक मळत राहायची.

मागच्या हिवाळ्यात नील बेटावर समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. दोन दिवस अडकलो. लोक वैतागले, प्रत्येक जेवणात खोट काढू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर चूल थंड आणि शांताबाई पायरीवर बसलेली.

"आज मी रांधत नाई, भाऊ."

"बाई, लोकं भुकेले हायेत."

"मंग चाला माह्यासंगं. घरचंच बेसन खाचं होतं तं इतक्या दूर आलो काऊन?"

बाजारामागे मालती नावाच्या बंगाली बाईची चार बाकांची खानावळ होती. शांताबाईनं तिथं सगळ्यांना बसवलं. भात, खोबरं घातलेली हरभऱ्याची डाळ, केळफुलाची भाजी. हव्या त्याला तळलेला मासा. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग दुसऱ्यांदा भात मागितला. फक्त एका निवृत्त हेडमास्तरांनी, शेजारच्या चुलीवर मासा तळला म्हणून, पाण्यालाही हात लावला नाही. मालतीनं नवं भांडं घेऊन वेगळा भात टाकायची तयारी दाखवली, तरी नाही.

शेवटी मालतीनं शांताबाईला हाताला धरून बसवलं आणि तिचं ताट वाढलं. सहा वर्षांच्या दौऱ्यांत तिला कुणी वाढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती हळूहळू जेवली, आणि हात न धुताच भिंतीला टेकून झोपी गेली. मालती पदरानं तिच्यावरच्या माश्या वारत राहिली.

परतल्यावर हेडमास्तरांची तक्रार आली. "स्वयंपाकीण असून लोकांना बाहेर जेवावं लागलं?" कंपनीच्या मालकांनी विचारलं. मी परवानगी दिली होती, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तिचे गुडघे आता साथ देत नाहीत." यंदा तिला बोलावणं गेलं नाही.

निघायच्या आठ दिवस आधी मी आंजीला गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून पोतं सरकवून जागा केली.

"यंदा कोण येऊन राह्यलं रांधाले?"

"कोणीच नाई. हाटेलातूनच डबे घेणार."

"मालतीच्या घरामागून एक पायवाट जाते. बेटाच्या पार टोकाले. लोकाईले तिकडं नेजा." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीबी थकले दिसता."

मला राहवलं नाही. "बाई, मालकासमोर मी बोलाले पाह्यजे होतं."

तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"हो," ती म्हणाली, "पाह्यजे होतं."

आवाजात राग नव्हता. बराच वेळ आम्ही दोघंही शेंगा सोलत बसलो. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "भात टाकतो. जेवून जाजा."