आधी कूलर, मग गाडी

आमच्या देवाजींना कुणी जुनी गाडी पाहायला बोलावलं, की ते आधी गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. घर बघतात. घराला वळसा घालतात, खिडक्यांखालून फिरतात, भिंतीवरून हात फिरवतात. हा माणूस गाडी घ्यायला आलाय की प्लॉट, असं मालकाला वाटायला लागतं. मग ते विचारतात, "उन्हाळ्यात कूलर कुठं लावता जी?"

नवरा माझा आहे, तेव्हा मी 'हे' म्हणायला हवं. पण सगळं मनीषनगर त्यांना देवाजी म्हणतं, म्हणून लिहिताना मीही तेच म्हणते. समोर म्हणण्याची अजून हिंमत झालेली नाही.

नोकरीभर त्यांनी तंत्रनिकेतनात पोरांना इंजिन शिकवलं. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले. गावात कुणी मॉरिस, ऑस्टिन, हिलमन असली इंग्रजी गाडी विकायला काढली, की घेणारा आधी देवाजींना सोबत नेतो. त्यांची फी म्हणजे तर्री-पोहे. मीही जाते, कारण टॉर्च धरायला कुणीतरी लागतं आणि पोहे मलाही आवडतात. मुलगी पाहायला जावं तसाच सगळा थाट असतो. फरक एवढाच, की इथं वय जास्त सांगितलं तर मालकाची मान ताठ होते.

कूलरची भानगड अशी आहे. आमच्या नागपूरच्या कोरड्या उन्हात रंग उडतो, रबर तडकतं, पण पत्रा शाबूत राहतो. घात करतो तो कूलर. उन्हापासून वाचवायला लोक गाडी सावलीच्या बाजूला लावतात, आणि खिडकीतला कूलरही त्याच बाजूला असतो. सगळा उन्हाळा त्याचं पाणी गाडीच्या एकाच अंगावर ठिबकत राहतं. मग विकायच्या वेळी पुट्टी भरून, वरून रंग मारून, गाडी नटवून उभी करतात. देवाजी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतात आणि कूलरच्या बाजूच्या दाराखाली लावतात. पत्रा असेल तर चिकटतं. पुट्टी असेल तर घसरून पडतं.

शेवटी निकाल. "घ्या", "थांबा" किंवा "हात जोडा". तिसरा निकाल असला, की ते मालकासमोर गाडीला खरोखरच हात जोडतात. त्यात डॉक्टर म्हणू नका, वकील म्हणू नका, कुणाची भीड नाही.

इतक्यांच्या गाड्या पाहिल्या, पण स्वतःची मात्र कधी घेतली नाही. आधी जागा नव्हती, मग मुलींची शिक्षणं आली, आणि या सगळ्यात मी होतेच. "घरात एक जुनं मॉडेल आहे, तेवढंच सांभाळताना नाकी नऊ येतात," असं मी चारचौघांत म्हणायची. ते हसायचे. त्यांना तरी कुठलीही गाडी थोडीच हवी होती. त्यांना गिरिधरभाऊंची मॉरिस मायनर हवी होती.

गिरिधरभाऊ त्यांचे शाळेतले दोस्त. वडिलांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं आणि दारात ही मॉरिस असायची. देवाजींचे वडील त्याच बाजारात कापडाच्या गाठी वाहायचे. एकदा दोघा पोरांना परीक्षेला सोडायचं होतं. देवाजी आपणहून मागचं दार उघडायला गेले, तेव्हा गिरिधरभाऊंचे वडील म्हणाले, "मागं काहून बसतं बाबू? पुढं बस." आख्ख्या गांधीबागेसमोरून देवाजी त्या गाडीत पुढं बसून गेले. लग्न झाल्यापासून मी ही गोष्ट ऐकत आलेय. दर वेळी 'पुढं बस' म्हणताना त्यांचा आवाज थोडा बसतो. त्याची थट्टा मात्र मी कधी केली नाही.

या हिवाळ्यात गिरिधरभाऊंचा रामटेकहून फोन आला. "डोळ्यानं दिसत नाही गा आता. गाडी काढून टाकतो. एक जण लग्नात भाड्यानं लावाले मागून राहिला. पण आधी तू येऊन पाह्य. तुले पसंत पडली तर तुलेच."

फोन ठेवून देवाजी माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "घेऊन टाका एकदाची." त्या रात्री ते घोरलेसुद्धा नाहीत.

रामटेकला पोचलो. पोर्चमध्ये मॉरिस उभी होती. फिक्या हिरव्या रंगाची, गोल डोळ्यांची, पुसून लख्ख केलेली. आणि आमचे परीक्षक घराला वळसा न घालता, भिंत न बघता, थेट तिच्यापाशी गेले. बॉनेटवर तळहात ठेवला. एरवी तो इंजिन आधीच गरम करून ठेवलंय का हे बघायला ठेवतात. आज नुसताच ठेवला. मग आत बसून त्यांनी बटण फिरवलं, तसा दाराशेजारच्या खांबातून वळण दाखवणारा चिमुकला हात टुणकन बाहेर आला, आणि सत्तरी ओलांडलेला माझा नवरा शाळकरी पोरासारखा हसला.

"घ्या!" ते म्हणाले. इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं.

मी मात्र भिंत बघत होते. इतकी वर्षं टॉर्च धरल्यावर डोळ्यांना सवय लागते. भिंतीवर खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ होते, आणि तिथंच स्टँडवर ताडपत्रीत गुंडाळलेला एक कूलर होता. त्याचं तोंड खिडकीकडं नव्हतं, गाडीकडं होतं.

खरं सांगते, गप्प बसावं असं वाटलं. त्यांचा इतका आनंदी चेहरा मी मुलींच्या लग्नातही पाहिला नव्हता. पण उद्या गाडीखाली झोपून त्यांनाच ते दिसलं असतं, आणि मग स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला असता. ते मला बघवलं नसतं.

"भाऊजी," मी विचारलं, "हा कूलर कोणासाठी?"

"तिच्यासाठीच ना वहिनी," गिरिधरभाऊ कौतुकानं म्हणाले. "मे महिन्यात तिले लई गरम होते. दुपारभर चालू ठेवतो. मी पंख्यात झोपतो, पण तिले कमी नाही पडू देलं."

देवाजी गाडीतून उतरले. त्यांनी रुमाल काढला आणि डाव्या दाराखाली चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं; इथं पुट्टी नव्हती, रंगाखाली नुसता गंज उरला होता. मग डावीकडचं पायपुसणं उचलून त्यांनी पेचकस टेकवला. टेकवलाच फक्त. तो आरपार गेला. मी टॉर्च मारला तर खाली पोर्चची फरशी दिसली.

"दाराखालची पट्टी गेली, पायाखालचा पत्रा गेला," देवाजी हळू आवाजात म्हणाले. "उजवी बाजू ठणठणीत आहे. डावी..." 'पुढं बस' म्हटल्यावर ते बसले होते, ती हीच सीट.

गिरिधरभाऊ मटकन पायरीवर बसले. "म्हणजे मीच खराब केली काय गा?"

"तू जीव लावला गा. तुह्यापाशी नसती, तर केव्हाचीच भंगारात गेली असती."

आणि मग त्यांनी, दुसऱ्या कुणाच्याही गाडीला जोडले असते तसेच, त्या गाडीला हात जोडले. मला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आयुष्यभर लोकांना खरं सांगणारा माणूस स्वतःला तरी एकदा सूट देईल की नाही!

मी तरातरा गेले, डावं दार उघडलं आणि आत बसले.

"प्रेमिला, काय करून राहिली वं? पत्रा नाही तिथं!"

"माह्याच बाजूचा गेला ना? मी पाय वर घिऊन बसीन. तुमची बाजू चांगली आहे, तुमी चालवा."

साडी सावरून मी दोन्ही पाय सीटवर घेतले. देवाजींनी पेचकस खाली ठेवला. मग त्यांनी चष्मा काढला आणि गाडी पुसायच्या फडक्यानं डोळे पुसले. नाकाला ऑइल लागलं, ते मी घरी येईपर्यंत सांगितलं नाही.

गाडी टेम्पोत चढवून आणली. पत्रा बदलायला उन्हाळा उजाडला. कूलर आम्ही बेडरूममध्ये लावतो, आणि गाडी उभी असते त्या बाजूला साधी खिडकीही उघडू देत नाही.

पहिली लांबची चक्कर अर्थातच रामटेकची. हॉर्न ऐकून गिरिधरभाऊ काठी टेकत बाहेर आले. चाचपडत त्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि आपणहून मागचं दार उघडायला लागले.

"मागं काहून बसतं गा?" देवाजी म्हणाले. आवाज पुन्हा तसाच बसला. "पुढं बस."

मी उतरून मागं गेले. गिरिधरभाऊ पुढं बसले आणि बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही पाय सीटवर घेतले.

"खाली ठेव गा पाय," देवाजी म्हणाले. "आता पत्रा मजबूत आहे."