पुसारामने धुतलेल्या कुरोड्या

मी नोकरी सोडली त्याच वर्षी माझे वडील वारले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. (नातेवाईक अजूनही तसं म्हणत नाहीत.)

नोकरी सोडून मी छतावरचे सोलर पॅनल आपोआप धुणारा रोबो बनवत होतो; चाचणीला आमच्याच छतावरचे पॅनल. पाटाला दोन ब्रश ठोकावेत तसा तो दिसायचा, आणि मागे शेपटीसारखी पाण्याची नळी. माझी बायको सुनीता त्याला 'पुसाराम' म्हणायची. तिच्या शाळेच्या पगारावर घर आणि पुसाराम दोघंही चालायचे. पुसाराम जरा कमी.

बाबा गेल्यापासून आई जवळजवळ बोलतच नव्हती. खिडकीशी बसून असायची. मे महिन्यात अचानक एक दिवस तिने गहू भिजत घातले.

सुनीता माझ्या कानाशी लागली, "आई कुरोड्या करून राहिल्या! तुम्ही काही विचारू नका, करू द्या त्यांले."

मी काही विचारलं नाही. वर्षभरात बायकोचं मी हे एकच ऐकलं, आणि नेमकं तेच नडलं!

चौथ्या दिवशी सकाळी हेडाऊजी आले. मौद्याकडे त्यांची राइस मिल. मिलच्या छतावर पॅनलच पॅनल आणि पॅनलवर बोटभर कोंडा. माझं पहिलं गिऱ्हाईक! त्यांनी नाही म्हटलं तर पुसाराम भंगारात आणि मी पुन्हा नोकरीच्या शोधात, असं सुनीताशी ठरलेलं.

"चला वर, पाहू तुमची मशीन," हेडाऊजी म्हणाले.

"वर कायले जाता जी उन्हात? ते माणसाशिवाय चालते, तीच तं गंमत आहे!" मी ऐटीत फोनवरचं बटण दाबलं. "तुम्ही चहा घ्या."

वर घरघर सुरू झाली. पाच मिनिटांत छताच्या पाइपातून अंगणात पाणी आलं. पांढरं!

"हे दुधासारखं काहून येऊन राहिलं?"

"फोम आहे." (पुसारामात फोम कधीच नव्हता.)

हेडाऊजींनी वाकून वास घेतला. "भाऊ, गव्हाच्या चिकाचा वास आहे हा!"

"सेंद्रिय फोम आहे."

एवढ्यात कुरोड्यांचा साचा हातात घेऊन आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाणी पाहून तिचा चेहरा उतरला. "वर काय चालू करून ठेवलं रे तू?"

तिच्यामागे आम्ही जिन्याने धावलो. पॅनलची काच छान तापते, कुरोड्या लवकर वाळतील, असा हिशोब करून आईने पहाटेपासून ओल्या कुरोड्या पॅनलवरच घातल्या होत्या, खाली बाबांचं धोतर अंथरून. पुसारामने त्या मन लावून धुतल्या होत्या. एरवी कोपरे सोडणारा हा गडी, आज एकही कोपरा सोडला नव्हता! सगळीकडे लापशी. धोतर ब्रशात गुंडाळलं गेलेलं, आणि तो जागच्या जागी गरगरत होता.

मी फोनवर 'थांबा' दाबलं. तो थांबला नाही. शेवटी आईनेच वायर उपटली.

तिने ब्रशातून धोतर सोडवलं. मधोमध फाटलं होतं.

"आई, मी आजच दुसरे गहू आणतो."

"राहू दे," ती म्हणाली. "खाणारे तं गेलेच. हात चालते राहावे म्हणून करून राहिली होती." धोतराची घडी घालत ती खाली गेली.

तिच्यामागे जायची माझी हिंमत झाली नाही. उन्हात चीक डिंकासारखा घट्ट होत होता. मी बादली आणि फडकं घेतलं आणि काच घासायला लागलो. दोन तास घासली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऊन लागून राहिलं," मी हेडाऊजींना म्हणालो. त्यांचा फोमवर बसला होता तेवढाच विश्वास यावरही बसला. पण ते गेले नाहीत. टाकीच्या सावलीत बसून पाहत होते.

शेवटी ते उठले. काचेवरून बोट फिरवलं, बोट निरखलं.

"मशीन राहू द्या, भाऊ. पण तुम्ही लय साफ पुसता! महिन्यातून दोनदा मौद्याले येता काय?"

खाली उतरलो तर सुनीता दारातच उभी. "काय म्हणाले हेडाऊजी?"

"ऑर्डर भेटली," मी सांगितलं. "फक्त मॉडेल त्यांनी दुसरं निवडलं."