कोणी बदललं, काऊन बदललं

माझ्या साडूइतका प्रामाणिक आणि माझ्या साडूइतका तापदायक माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि हे दोन्ही गुण त्याच्यात एकाच जागी राहतात. तो विनोद सांगतो तेव्हा आधी तो कोणाकडून ऐकला ते सांगतो, त्या माणसाने कोणाकडून ऐकला ते सांगतो, मधे कोणी काय बदल केला तेही सांगतो, आणि मूळ विनोदापर्यंत पोचेस्तोवर ऐकणारे हात धुऊन पानावर बसलेले असतात. एका शोकसभेत कोणीतरी गहिवरून दोन वाक्यं बोललं, तर हा शेजारच्याला कुजबुजला, "हे वाक्य यांचं नोहे. मागच्या मयतीत दुसऱ्यानं म्हटलं होतं." कुजबूज सगळ्या मांडवाला ऐकू गेली. घरी वरणाचा घास तोंडात गेला की तो थांबतो. "आज बदल आहे. कोणी बदललं? काऊन बदललं?" माझी मेव्हणी स्वयंपाकघरातून म्हणते, "मी बदललं. हिंग संपला." मग तो समाधानाने जेवतो. तक्रार नसते हो त्याची. वरण कसंही असो, बदल कोणी केला तेवढं कळलं पाहिजे.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. वीज केंद्रात शिफ्टची नोकरी. पाळी बदलताना आधीच्या माणसाने काय फिरवलं, का फिरवलं, हे विचारल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही, ही त्याच्या खात्यातली शिस्त त्याने घरात आणली असं मेव्हणी म्हणते. मला वाटतं, ती त्याहून जुनी आहे. त्याच्या वडलांनी गावच्या शाळेची भिंत बांधली, विटा वाहण्यापासून गिलाव्यापर्यंत. भिंतीवर दगड बसला तो उद्घाटन करणाऱ्याच्या नावाचा. लहानपणी त्याला शाळेत त्या दगडाखालीच बसवत. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि लगेच विषय बदलला, त्या वेळी मात्र कारण न देता.

अशा माणसाच्या हाती एक वेबसाइट लागली. आपापल्या बोलीत मोबाइलवर लिहिता यावं म्हणून काही लोकांनी मिळून एक कीबोर्ड तयार केला होता. सगळं फुकट, सगळं खुलं, कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं. त्याची वेबसाइट, बोलीतल्या शब्दांच्या याद्यांसकट, विकी पद्धतीची होती, म्हणजे वाचणाऱ्यालाच तिथल्या तिथे मजकूर दुरुस्त करता येई. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान रेल्वेचं तिकीट काढण्यापुरतं, पण मीसुद्धा तिथे 'वास्ते' हा शब्द टाकला आणि पुढे लिहिलं, बांबूचे कोवळे कोंब, भाजी फर्मास. साडूने फोन केला. "भाऊ, फर्मास हे तुमचं मत आहे." त्याने ते खोडलं, आणि खोडल्याचं कारणही लिहिलं. गडचिरोलीकडचे, सिरोंचाकडचे, जिवतीच्या डोंगरावरचे लोक त्यानेच फोन करकरून गोळा केले. जिवतीकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षिका तर महिनोन् महिने लिहीत होत्या. गोंडीत कसं टाइप करायचं, ते सगळं पान त्यांचं. आपल्या आत्याला विचारून विचारून शब्द टाकायच्या. हा त्यांना म्याडम म्हणायचा, त्या ह्याला सर.

पण जिथे कोणीही लिहू शकतं तिथे कोणीही लिहितं. सकाळी पाहावं तर रानभाज्यांच्या पानावर मूतखड्याच्या औषधाची जाहिरात. हा ड्यूटीवरून येऊन आंघोळीआधी जाहिराती उपसायचा. शेवटी मोठ्या शहरांतल्या मुख्य मंडळींनी ठरवलं की विकी बंद करायची आणि साइट व्हर्जन कंट्रोलमध्ये न्यायची. म्हणजे काय, हे त्याने मला तीन वेगवेगळ्या लग्नांत समजावलं. मला उरलं ते इतकंच: तिथे केलेला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावासकट आणि कारणासकट, कायम राहतो; आणि नवा बदल कोणीतरी तपासून मगच आत घेतो. माझ्या साडूसाठी हा स्वर्गच होता. मुख्य मंडळी म्हणाली, आजचा मजकूर उचलू आणि तिकडे ठेवू, दुपारभराचं काम आहे. हा म्हणाला, असं नाई चालणार. आजवर ज्याने जे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, ते सगळं त्या त्या नावाने तिकडे गेलं पाहिजे.

मग तो दोन उन्हाळे त्या कामाला बसला. कोणी टोपणनावाने लिहिलेलं, कोणी पोराच्या मोबाइलवरून. तर त्यांना फोन करून खरं नाव विचारायचं, नाव द्यायला हरकत नाही ना ते विचारायचं. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही देवदर्शनाला गेलो, हा गर्दीत एका फुगेवाल्याला शोधत होता, कारण त्याने कधीतरी एक वेलांटी दुरुस्त केली होती. फुगेवाला म्हणाला, "मले तं आठवत नाई साहेब." हा म्हणाला, "तुम्हाले नसन आठवत. मले आठवते." ते काम पुरं झालं त्या दिवशी त्याने क्वार्टरमध्ये आम्हा सर्वांना जेवायला बोलावलं आणि वरणाबद्दल काही विचारलं नाही.

पुढचं पावसाळ्यात घडलं. मुख्य मंडळींना तो सगळा इतिहास जड वाटू लागला. साइट उतरवून घ्यायला वेळ लागतो म्हणे. चर्चा झाली तेव्हा हा पाळीवर होता. घरी येऊन पाहतो तर सगळे जुने बदल दाबून त्यांचा एकच बदल केलेला: 'जुन्या विकीवरून मजकूर आणला.' करणाऱ्याचं नाव, ज्याने बटण दाबलं त्याचं. त्याने लांबलचक हरकत लिहिली. उत्तर आलं, तुमच्या तळमळीबद्दल आभार, आणि खाली टाळ्या वाजवणारे दोन हात. मग चर्चा बंद.

त्याच सुमारास म्याडमनी भाषेच्या कामासाठी कुठल्याशा फेलोशिपला अर्ज केला होता. मुलाखतीत त्यांनी आपलं पान दाखवलं. समोरच्याने तिथेच उघडून पाहिलं आणि विचारलं, "इथे तर दुसऱ्याचं नाव आहे?"

त्यांनी हे फोनवर सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साडू मोटरसायकल घेऊन माझ्या दारात उभा. लॅपटॉप पोटाशी बांधलेला. "चला भाऊ, जिवतीले." घाट चढून आम्ही पोचलो. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात म्याडम आल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं.

"म्याडम, माझ्याजवळ पूर्ण आहे," हा लॅपटॉप सोडत म्हणाला. "त्याईनं तिकडे पुसलं, माझ्या कॉम्प्युटरवर सगळं शाबूत आहे. तुमचं नाव आहे. पाहा, मी दाखवतो."

"मले काऊन दाखवता, सर? मी लिहिलं हे मले माहीत आहे. त्यांले दाखवाचं होतं." त्या स्क्रीनकडे वळल्या नाहीत. "तिथी पाच जणांसमोर मी खोटी ठरली. तुम्हीच म्हणाले होते ना, नाव कायमचं राहते म्हणून?"

ह्याने मान हलवली. त्या वर्गात निघून गेल्या. मुलांचा पाढ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. उतरताना मीच गाडी चालवली.

त्याने फेलोशिपवाल्यांना सगळं लिहून पाठवलं. निवड पूर्ण झाली आहे, असं उत्तर आलं. मुख्य मंडळींची साइट आता झकपक दिसते, पटकन उघडते. नवा शब्द टाकायचा तर इंग्रजीत कारण लिहावं लागतं, म्हणून आमच्याकडचं कोणी तिकडे फिरकत नाही. साडूने आपल्याजवळची प्रत इंटरनेटवरच वेगळ्या पत्त्यावर ठेवली आहे, सगळ्या नावांसकट. ती मी पाहतो, मेव्हणी पाहते. आणखी कोणी पाहत असेल असं मला वाटत नाही.

या उन्हाळ्यात म्याडमचा त्याला मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. एक गोंडी शब्द, त्याचा अर्थ, आणि खाली: नाव टाकू नका. तो हवालदिल झाला. "भाऊ, तिथी नावाबिगर काही जातच नाई. माझं टाकलं तं मी त्या बटणवाल्यासारखाच झालो. म्याडमचं टाकलं तं त्याईनं नाई म्हटलं आहे." त्याने शब्द तसाच ठेवला. मग आणखी एक आला, मग आणखी. प्रत्येकाखाली तेच वाक्य. तोही प्रत्येक वेळी नम्रपणे विचारायचा, टाकू काय? उत्तर यायचं नाही, पुढचा शब्द यायचा.

परवा फोन आला. आवाज दबलेला. "भाऊ, आज एक शब्द आला. खाली ते वाक्य नाई."

"मग टाका ना नाव."

"विसरल्या असतील काय?"

"विचारून पाहा."

आयुष्यभर प्रत्येकाला विचारत आलेला माणूस.

"नको," तो म्हणाला. "नाई म्हणाल्या तं?"