इग्वानोडॉनचं शिंग आणि धावड्याची भिंत

धावड्याला जायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. निवृत्त विज्ञान शिक्षकाला घाबरण्यासारखं काय असतं? माझ्याच हातचं एक चित्र.

त्या गावच्या शाळेत शिकवत असताना मी भिंतीवर इग्वानोडॉन हा डायनासोर काढला होता, नाकावर शिंग असलेला. कव्हर फाटलेल्या एका जुन्या पुस्तकातून; छपाईचं साल बघायचं सुचलंच नाही. बदली झाल्यावर वर्षभरात नवं पुस्तक हाती आलं, त्यात नाकावर शिंगच नव्हतं. पण शाळेला कळवायचा धीर झाला नाही. आता माझी विद्यार्थिनी वंदना तिथेच शिक्षिका आहे. तिचा फोन आला, "सर, सोमवारी भोकरदनला विज्ञान प्रदर्शन हाय. पोरी तुमच्या चित्रावरून मॉडेल करून राह्यल्या. शनिवारी बघायला या."

म्हणजे परीक्षकांसमोर पोरींचं हसं होणार, तेही माझ्यामुळे.

जालन्याहून सकाळची भोकरदन एसटी पकडा. वाटेत राजूरला चहा चांगला मिळतो (मी अर्धा कप तसाच ठेवला). पुढे भोकरदनहून काळीपिवळी जीप बरी, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. ती भरूच नये असं मला वाटत होतं. शेजारी बसलेल्या मेंढपाळ काकांनी विचारलंच, "घाम फुटलाय तुमाला. तब्येत बराबर हाय ना?"

एव्हाना चित्राचा रंग उडाला असेल, ही एकच आशा होती. भिंत बघितली. चित्र नवंकोरं!

"दरसाल चुना मारताना तेवढं सोडतो," वंदना म्हणाली. "शिंगाला तर मीच रंग देते. तुमचं चित्र हाय सर, बिलकुल पुसू देत न्हाई."

व्हरांड्यात पोरी मातीच्या मॉडेलला शिंग चिकटवत होत्या. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा होता. दोन घास खाल्ले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आधी नुसते दात आणि थोडी हाडं सापडली, त्यात एक टोकदार. गेंड्यासारखं नाकावरचं शिंग असेल, असं शास्त्रज्ञांना वाटलं. पुढे एका कोळशाच्या खाणीत अख्खे सांगाडे मिळाले, तेव्हा कळलं की ते अंगठ्याचं हाड. मग प्राण्याला कांगारूसारखं शेपटी टेकवून उभं केलं. तेही चुकलं; शेपटी ताठ होती, जमिनीला टेकतच नव्हती.

"तुमाला कधीपासून माहीत होतं, सर?" वंदनाने विचारलं.

"बदलीनंतरच्या वर्षापासून."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग ती पोरींकडे वळली. "शिंग काढा, अंगठ्याला लावा. आन् भिंतीचा फोटो शेजारी ठिवा. आपण कुठं चुकलो ते लोकांना दिसू द्या."

चूक माझी एकट्याची होती, तरी ती 'आपण' म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी मी घरी फोनपाशीच बसून होतो. "नंबर न्हाई आला सर," वंदना म्हणाली. "पण परीक्षक त्या फोटोपाशीच लई वेळ थांबले. आता दरसाल चुना मारायच्या आधी या. काही बदललं असंल तर सांगा, मंगच रंग देऊ."

मी हो म्हणालो. फोन ठेवला, कपाटातलं ते 'नवं' पुस्तक काढलं आणि सगळ्यात आधी छपाईचं साल बघितलं.