कळकाच्या बेटाचं टेकाड

माझा डावा डोळा लहानपणी इटीदांडूत गेला. इटी दुसऱ्याची, दांडू दुसऱ्याचा, डोळा तेवढा माझा. वाडीला ठावं हाय. बंधाऱ्याची जागा ठरवायला आलेल्या सायबाला ठावं नव्हतं.

सायबानं शाळेत पडदा लावला. "उपग्रहानं दोन बाजूंनी फोटो काढलेत. दोन डोळ्यांना जसं उंच-खोल कळतं, तसं दिसेल." आन सगळ्यांना पुठ्ठ्याचा चष्मा दिला, एक काच तांबडी, एक निळी. बाया "अगं बया, डोंगुर अंगावर आला!" म्हणत मागं सरल्या. मला नुसतं निळं-निळं. पर मला पुढं बसवल्यालं, आन हसवायची खोड लई वाईट.

"दिसतंय का, बाबा?"

"दिसतंय की! माझी म्हस बी दिसती. शेपटी हलवतीया."

शाळा हसली. सायबानं कागद पुढं केला, जागा बघितली, पटली म्हणून. म्या अंगठा दिला.

पंधरा दिसांनी सायबाच्या मजुरांनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. कुटं? आंब्यापल्याडच्या कोरड्या माळावर! वढा तर कळकाच्या बेटातनं वाहतोय, बांबूच्या दाट सावलीत, वरनं दिसत न्हाई. फोटोवरनं मशीननं कळकाचं शेंडं जिमीन धरलं, तितं टेकाड दावलं, आन वढा टेकाडाला वळसा घालून माळावर नेला. बंधारा तितं झाला तर आमची हीर मार्चात आटायची ती आटणारच. बाया शिनोलीच्या रस्त्यानं हंडं वाहणारच.

"सायेब, टेकाड न्हाई वो, कळक हाय!"

"बाबा, उंची अचूक आहे."

"कळकाची हाय अचूक! पाणी काय शेंड्यावरनं चढून जातं व्हय?"

"तुम्हीच पाहिलंत ना? अंगठा आहे तुमचा."

डोकं सणकलं. म्या वरडलो, "मला एकच डोळा हाय! डोंगुर दिसला न्हाई, म्हस बी न्हाई! खोटं बोललो म्या!"

मजूर खदाखदा हसलं. त्यांना वाटलं, म्हातारा पुन्यांदा गंमत करतोय. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर त्याला बी हशा.

मग सायबाचा हात धरला आन वढतच कळकात नेला. घोट्यापस्तोर बूट पाण्यात गेला. सायबानं वाकून पाण्यात हात घातला. मग फक्की पुसली.

बंधारा? न्हाई झाला. कचेरीत म्हणत्यात, फोटो नव्यानं काढाया लागतील. त्याच्याआदी कळक तोडा, मंजी उपग्रहाला वढा दिसंल. अरं, वढा बघायला सावली तोडायची? चालत या की मर्दांनो, पाय न्हाईत व्हय तुमाला!

कळक न्हाई तोडू दिला. मार्च आला, हीर आटली. बायकू हंडा घिऊन निघाली, म्या दुसरा हंडा खांद्यावर घिऊन मागं. उन्हात चढाला ती थांबली, घाम पुसला.

"अवो, म्हस दिसती का?" म्हणली. "हसवा की आता."